‘दुकान’ म्हणालात म्हणून : वाळूजच्या वाचकाला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की, वीज वाचवणारं नवं यंत्र चालू कारखान्यात तपासून बघण्यासाठी सरकारी किंवा क्लस्टरचा (एका भागातल्या उद्योगांच्या गटाचा) निधी हवा. त्याखाली ‘वाळूजचा एक उद्योजक’ या नावाने प्रतिक्रिया आली : “लॅबचा रिपोर्ट असताना शेडमध्ये परत टेस्ट कशाला? फायदा असेल तर मालक स्वतःच्या खिशातून करील. एनर्जी ऑडिटर लोकांचं दुकान चालावं म्हणून हा खटाटोप. आणि ६० एचपी म्हणजे ४० किलोवॅट नव्हे, एवढं तरी बघून लिहा.”

शेवटचं आधी. बरोबर आहे तुमचं. ६० एचपी म्हणजे पावणेपंचेचाळीस किलोवॅट, नेमप्लेटवर ४५ असतं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली.

आता ‘दुकान’. साहेब, बावीस वर्षं कारखान्यांच्या इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये हात घालतोय. मला यंत्र विकायचं नाही, कुणाची एजन्सीही नाही. मतभेद असू द्या, पण नाव झाकून दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं, याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

पण तुमच्या पहिल्या वाक्याचं उत्तर द्यायलाच हवं, कारण ते तुम्ही एकटेच म्हणत नाही. बँकवालेही तेच म्हणतात.

तुमच्याकडे असेल असाच ४५ किलोवॅटचा स्क्रू कंप्रेसर (हवा दाबून पुरवणारं यंत्र) घ्या. त्याचा लॅब रिपोर्ट २० अंश तापमानाच्या, कोरड्या, स्वच्छ हवेवर काढलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कंप्रेसर जी हवा ओढतो ती ४५ अंशांची. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज साधारण १ टक्का जास्त लागते. म्हणजे इथेच ६ टक्के गेले. वरून शेजारी ग्राइंडिंगचं काम चालत असेल तर फिल्टर तुंबतो, आणि २५० मिलिमीटर पाण्याइतका दाब तिथे अडला की आणखी २ टक्के. हे कुठल्या लॅबच्या कागदावर येणार?

बरं, हे सोडा. त्याच कंप्रेसरला व्हीएफडी, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवायचा आहे. साधा कंप्रेसर अनलोडला (गरज नसताना नुसता फिरत असतो तेव्हा) हवा देत नाही, तरी पूर्ण लोडच्या ३० टक्क्यांच्या आसपास वीज खातो, म्हणजे साडेतेरा किलोवॅट. एका शेडमध्ये तो ४० टक्के वेळ अनलोडवर असेल, तर वर्षाला ६,००० तास धरून ३२,४०० युनिट वाया. ड्राइव्हचा स्वतःचा ३ टक्के तोटा वजा केला तरी २७ हजारांच्या पुढे वाचतात. युनिटला ९ रुपये धरले तर जवळपास अडीच लाख. शेजारच्या शेडमध्ये तोच कंप्रेसर, पण ९५ टक्के वेळ लोडवर. तिथे तोच व्हीएफडी साडेतीन हजार युनिट जास्त जाळील. यंत्र तेच, रिपोर्ट तोच, एकाला फायदा आणि दुसऱ्याला फटका. शेडमध्ये टेस्ट का, ते यासाठी.

आणि टेस्ट म्हणजे दोन महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवणं नव्हे. आपलं एचटी (उच्च दाबाच्या जोडणीचं) बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या युनिटवर नाही, त्यात पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला आली ते) धरलेला असतो. पॉवर फॅक्टर सुधारला तरी ते घटतं, श्रेय मात्र ड्राइव्ह घेऊन जातो. रीत अशी : आधी रविवारी उत्पादन बंद ठेवून गळती काढायची. कंप्रेसर ९० सेकंद लोड आणि १५० सेकंद अनलोड होत असेल, तर ९० भागिले २४०, म्हणजे क्षमतेच्या साडेसदतीस टक्के हवा नुसती गळतेय. ती बुजवायची, प्रेशर साडेसात बारवरून जेवढं चालेल तेवढं खाली आणायचं (१ बारला ६ ते ७ टक्के), आणि मगच बेसलाइन (ड्राइव्हशिवायचा मूळ वीजवापर) घ्यायची. विक्रेता नेमकं उलटं करतो. ड्राइव्ह बसवताना गळती बुजवतो, प्रेशर उतरवतो, आणि सगळी बचत ड्राइव्हच्या नावावर टाकतो.

लॉगर (वीज मोजून नोंदवणारं यंत्र) ड्राइव्हच्या इनपुटला लावायचा, आउटपुटला नाही, आणि नोंद १० सेकंदांना. १५ मिनिटांच्या सरासरीत लोड-अनलोड दिसतच नाही. हवेचा फ्लोमीटर सरळ पाइपात, बेंडपासून लांब. लॉगरच्या तीन सीटींपैकी (करंट मोजायला तारांवर बसवतात त्या कड्या) एक उलटी बसली तर लॉगर खऱ्याच्या एक तृतीयांश किलोवॅट दाखवतो. ड्राइव्ह बसवल्यानंतरच्या मोजणीत हे झालं की ‘६६ टक्के बचत’ असा रिपोर्ट तयार! त्यामुळे सीटीवरचा बाण आधी बघा. मग बायपास कॉन्टॅक्टर (ड्राइव्ह वगळून मोटर थेट चालवणारा स्विच) ठेवून एक आठवडा ड्राइव्हवर, एक आठवडा थेट, असे चार फेरे, आणि हिशेब युनिट प्रति घनमीटर हवा. जमलं तर एक फेरा उन्हाळ्यात. बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग ४० अंशांचं असतं, त्यापुढे अंशागणिक क्षमता घटते, आणि पॅनेलचा पंखा धुळीने जाम झाला की दुपारी दोनला ट्रिप ठरलेली. जालन्यात इंडक्शन फर्नेसच्या फीडरवर असाल तर हार्मोनिक्सही (विजेच्या लहरीतली विकृती) मोजा.

“मालक स्वतःच्या खिशातून करील.” करील की. आणि निकाल कपाटात ठेवील, का नाही ठेवणार? रविवार त्याचा गेला, धोका त्याने घेतला. केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची (बीईई) एडीईईटीआयई योजना आहे, त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यमांना ३ टक्के सवलत मिळते. चांगली आहे. पण ती कर्जावरची सवलत. यंत्र नापास झालं तरी हप्ता मालकाच्याच गळ्यात. म्हणून माझं म्हणणं : निधी यंत्राला देऊ नका, मोजणीला द्या. निधीतले ४० टक्के बेसलाइनचा डेटा हाती आल्यावर, बाकी चारही फेऱ्यांचा कच्चा डेटा खुला केल्यावर, मग निकाल पास असो की नापास. नापास झालं तर यंत्र काढून जुनं परत बसवायचा खर्चही त्यातूनच. मोजणारा माणूस विकणाऱ्याचा नको. आणि हो, माझाही नको, तुमचं समाधान होत असेल तर.

बाकी मुद्दे राहू द्या. तुमच्या कंप्रेसरच्या डिस्प्लेवर एकूण रनिंग तास आणि लोडिंग तास असे दोन आकडे असतात. ते दोन्ही इथे खाली टाका. नाव नाही टाकलं तरी चालेल.