गारपीट आणि प्लाझ्मा यंत्र: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जांभळ्या उजेडाने भरलेल्या लांब नळीचा फोटो फिरतोय. ‘या प्लाझ्मा यंत्रात हजारो अंश तापमान तयार करून ढग फोडतात, म्हणून गारपीट होते,’ असं खाली लिहिलंय. हे साफ चुकीचं आहे.

अशी यंत्रं आहेत, हे खरं. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, विद्युतभारित कणांचा वायू. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या यंत्रातला प्लाझ्मा सुमारे 18 मीटर लांब असतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतलं यंत्र 3 मीटर लांब, 2 मीटर व्यासाचं आहे. चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कसा वागतो, त्यातून लाटा कशा जातात, एवढाच त्यांचा अभ्यास. अशा एका लाटेचं भाकीत स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी 1942 मध्ये केलं होतं.

तापमानाचा आकडाही खोटा नाही, पण अर्धवट आहे. तापलेले असतात ते इलेक्ट्रॉन, आणि आतला वायू आपल्या हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ. त्यामुळे एकूण उष्णता इतकी थोडी, की भोवतीची पोलादी टाकीसुद्धा वितळत नाही. लॉस एंजेलिसच्या यंत्रात तर प्लाझ्मा सेकंदातून एकदा, काही मिलिसेकंदच टिकतो. बंद टाकीतून तो ढगापर्यंत जाणार कसा?

गारा होतात त्या उंच ढगातल्या जोरदार वर चढणाऱ्या हवेमुळे: अतिथंड पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर थरावर थर गोठत जातात. घड लागलेली बाग एका दुपारी झोडपली गेली की माणूस कारण शोधणारच. पण कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. हवामान खात्याचा इशारा पाठवा.