बेघर माजी सैनिकांच्या ग्रँटबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

अमेरिकेत बेघर माजी सैनिकांना सरकार थेट खात्यात ग्रँट टाकतंय, फॉर्म भरा आणि प्रोसेसिंग फी पाठवा असा मेसेज तिकडच्या आपल्या ग्रुप्सवर फिरतोय. प्लीज पुढे पाठवू नका, आणि फी तर अजिबात भरू नका.

ग्रँट खरी आहे, पण ती माणसाला नाही, संस्थेला मिळते. तिकडच्या माजी सैनिक खात्याचा, म्हणजे व्हीएचा, एसएसव्हीएफ नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात पैसे ना-नफा संस्थांना जातात आणि मग त्या संस्था कमी उत्पन्नाच्या माजी सैनिकाला घर शोधून देतात, थकलेलं भाडं किंवा डिपॉझिट भरतात, तेही घरमालकाला, माजी सैनिकाच्या हातात कॅश देत नाहीत. दुसरा प्रोग्रॅम ग्रँट अँड पर डिएम, तिथे तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या माणसामागे दिवसाच्या हिशोबाने पैसे मिळतात, पण संस्थेलाच.

आणि "हे सगळे पैसे वायाच जातात" असंही त्याच मेसेजमध्ये लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं. २०१० च्या मोजणीत सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर होते, २०२४ मध्ये ३२,८८२. अजूनही खूपच आहेत, पण निम्म्याहून कमी झालेत ना! यात घरभाड्याच्या व्हाउचरचाही मोठा वाटा आहे, ते वेगळ्या योजनेतून मिळतात.

कुणाला खरंच गरज असेल तर व्हीएची हेल्पलाइन २४ तास चालू असते, १-८७७-४२४-३८३८, एक पैसा लागत नाही.