शिट्टी आली म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलू नका, आणि अर्थिंगची पिन तर अजिबात काढू नका

विदर्भातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि साउंडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: ट्यूबच्या गिटार अँपमधला निगेटिव्ह फीडबॅक (स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) कंपनीने आवाज दाबायला घातलेला असतो, तो हवा तेव्हा जोडायला-तोडायला स्विच बसवा. स्विच चालू केल्यावर, म्हणजे फीडबॅक जोडल्यावर, शिट्टी आली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधला) गेला, नवीन टाका. हम (सततची गुणगुण) वाढला तर दोष गावच्या लाईनचा. प्रेझेन्सचा नॉब चालेनासा झाला तर तोही बदला. एवढं करूनही हम राहिला, तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण तिने माणूस मरू शकतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि केबलच्या जाळीतून थेट अँपच्या चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. आत कुठे फेजची वायर सुटून चेसिसला टेकली, तर अर्थिंग असल्यास फ्यूज उडतो. पिन काढलेली असेल तर तोच 230 व्होल्ट वादकाच्या बोटांत उतरतो, आणि त्याच वेळी ओठ माईकच्या जाळीला लागलेले असतात. आपल्याकडे भीमजयंतीचे कार्यक्रम एप्रिलच्या उन्हात होतात. तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो, म्हणजे आधीच अर्थिंग अर्धमेली. ती तोडायची नाही, सुधारायची. खड्ड्यात पाणी घाला, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा, आणि दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमन बोलवा. अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असल्यामुळे हम येत असेल, तर दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

आता शिट्टी. या मेसेजमुळे लोक चांगले ट्रान्सफॉर्मर काढून नवे आणायला नागपूर गाठतात, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. स्विच चालू करताच शिट्टी आली, तर आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी थांबली, तर गिटार स्पीकरच्या तोंडासमोर धरल्यामुळे किंवा व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातल्या गडबडीमुळे ती येत होती. व्हॉल्यूम शून्य असूनही चालूच राहिली, तर ती फीडबॅकच्या वाटेत आहे. ही वाट व्हॉल्यूमच्या नंतरच्या टप्प्यात असते, म्हणून नॉबचा तिच्यावर काही परिणाम होत नाही.

आणि ट्रान्सफॉर्मर जळलेला असता तर आवाज गेला असता, फाटला असता किंवा दबला असता. स्विच बंद असताना अँप ठणठणीत वाजतो आणि चालू केला की किंचाळतो, याचा अर्थ फीडबॅकच्या सिग्नलची फेज (दिशा) उलटी आहे. परत येणारा सिग्नल मूळ सिग्नलला कमी करण्याऐवजी त्यात भर घालतोय. आपल्या भागात हे वारंवार घडतं, कारण ट्रान्सफॉर्मर रिवायंड करून आणलेला असतो आणि वायरींचे रंग मूळ कंपनीप्रमाणे राहिलेले नसतात. मूळ अँपमध्येच फीडबॅक नसेल आणि तुम्ही तो नव्याने जोडला असेल, तर उलट-सुलट होण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरा.

उपाय दोन वायरींचा आहे. दोन पॉवर ट्यूबच्या पुश-पुल अँपमध्ये ट्रान्सफॉर्मरपासून ट्यूबच्या प्लेटला (आउटपुटच्या टोकाला) जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा. फेंडर चँपसारख्या एका पॉवर ट्यूबच्या अँपमध्ये सेकंडरीची (ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या वेटोळ्याची) स्पीकरकडची आणि ग्राउंडची वायर अदलाबदल करा. सेकंडरीचं एक टोक ग्राउंडला असलंच पाहिजे, नाहीतर फीडबॅकला आधारच राहत नाही. फेज बरोबर असल्याची खूण म्हणजे स्विच चालू केल्यावर आवाज थोडा उतरतो आणि घट्ट होतो. काम करताना प्लग काढलेला असला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. तो रेझिस्टन्समधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. आणि स्पीकर न जोडता अँप चालू करू नका. मग खरोखरच ट्रान्सफॉर्मर जाईल.

फेज बरोबर असूनही फीडबॅक जास्त वाटत असेल, तर फीडबॅकची वायर सेकंडरीच्या कोणत्या टॅपवरून (वेगवेगळ्या ओहमच्या स्पीकरसाठी काढलेल्या टोकावरून) घेतली ते बघा. 16 ओहमच्या टॅपवर 4 ओहमच्या दुप्पट व्होल्टेज असतं. तोच रेझिस्टन्स ठेवून टॅप बदलला की फीडबॅकही दुप्पट होतो.

“आवाज दाबायला घातला” हे अर्धवट आहे. निगेटिव्ह फीडबॅक हॅरोल्ड ब्लॅक यांना 2 ऑगस्ट 1927 रोजी हडसन नदीच्या फेरीबोटीत सुचला, टेलिफोनच्या लांब लाईनींवर आवाज फाटणं (डिस्टॉर्शन) कमी करण्यासाठी. गिटार अँपमध्ये तो आवाज घट्ट ठेवतो आणि पॉवर स्टेजमधला हम खाली आणतो. व्हॉक्स एसी 30 त्याच्याशिवायच बनलाय आणि सुरेख वाजतो, फेंडर बेसमनमध्ये तो आहे आणि तोही सुरेख वाजतो. स्विच बसवायला माझी काहीच हरकत नाही. पण फीडबॅक तोडला की आधी दबलेला हम वर येणारच, तो नवा बिघाड नाही. प्रेझेन्सचंही तसंच. तो नॉब फीडबॅकमधल्या तीव्र स्वरांवर काम करतो, फीडबॅकच तोडला तर त्याने करायचं काय? नवा नॉब टाकून काही फरक पडणार नाही.

लाईनचा दोष विदर्भात खरा आहे, पण तो वेगळा दिसतो. शेतीचे पंप एकदम सुरू झाले आणि लाईन 180-190 वर आली, की फिलामेंटला (ट्यूब तापवणाऱ्या तारेला) 6.3 व्होल्ट मिळत नाहीत, आवाज बसतो. स्विचच्या एका टोकाला शांत आणि दुसऱ्या टोकाला गुणगुण, असं लाईन करत नाही. फीडबॅक चालू असतानाच हम वाढत असेल, तर स्विचकडे नेलेली लांब वायर बघा. ती फिलामेंटच्या किंवा मेनच्या वायरीला बिलगून गेलेली असते. स्विच मागे स्पीकर जॅकजवळ लावा, वायर आखूड आणि जाळीची घ्या, जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. स्विच फिरवताना बारीक ‘टक्’ आला तर घाबरू नका. फीडबॅक ट्यूबच्या ज्या टोकाला जोडतात त्या कॅथोडवर व्होल्ट-दीड व्होल्ट डीसी असतं, वाट जुळताच ते किंचित हलतं. दोन गाण्यांच्या मध्ये फिरवा.