‘गायब मंडळी’च्या यादीत पहिलं नाव माझं आहे म्हणे

आज सकाळी रनिंग ग्रुपवर ठाण्याच्या उपवन तळ्याचा फोटो पडला. नेहमीचाच, तळ्याकडे पाठ आणि अंगठे वर. त्याखाली यादी : ‘मॅरेथॉननंतर गायब मंडळी’. प्रत्येक नावापुढे कासव, गोगलगाय, घोरणारा चेहरा. पहिलं नाव माझं. त्यावर एकाने लिहिलं, ‘मेडल मिळालं, काम झालं.’ आणि एका दादांनी, ज्यांना मी खरंच मानते, ‘सातत्य महत्त्वाचं’ असं म्हणून वर हात जोडले.

सातत्य? ऑक्टोबरच्या उकाड्यापासून पहाटे चारला उठून, मुलाचा डबा आधी भरून मग बूट घालणारी बाई मी. मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाला दम लागू नये म्हणून येऊरचा चढ चढले. लांब पल्ल्याला घोडबंदर रोड, मेट्रोच्या खांबांखालची धूळ नाकातोंडात घेऊन. मला सातत्य शिकवता?

मुंबई मॅरेथॉन होऊन अजून पंधरवडाही झालेला नाही हो.

त्या रविवारची गोष्ट सांगते. धावून झालं, सीएसएमटीहून लोकल पकडली, मेडल गळ्यातच. ठाण्याला उतरेपर्यंत ठीक होते. पुलाचा जिना चढलेसुद्धा. उतरायची वेळ आली आणि मांड्यांनी साफ नकार दिला. मग कठडा धरून, लोकांकडे तोंड करून, उलटी उलटी उतरायला लागले. लोक बघतायत, पोरं हसतायत. मागून टोपली घेऊन एक कोळीण येत होती. तिने टोपली काखेत सरकवली, माझं कोपर धरलं आणि विचारलं, “काय गो, परलीस का कुठं?” म्हटलं, “नाही मावशी, पळाले. बेचाळीस किलोमीटर.” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोन लागलेलं गो पाठी?”

मला इतकं हसू आलं की पोटातही गोळा आला. खाली पोचवल्यावर म्हणाली, “आता घरा गुमान बस आठ दिस.”

तर मंडळी, त्या मावशीला जे एका नजरेत दिसलं ते मनगटावर महागडी घड्याळं बांधून तुम्हाला दिसत नाही. माझं घड्याळही त्यातलंच. परवा त्याने मला ‘अनप्रॉडक्टिव्ह’ ठरवलं! मी तेव्हा गादीवर उशीला टेकून संत्रं सोलत होते. काढून ड्रॉवरमध्ये टाकलंय.

जिना चढता येतो आणि उतरताना जीव जातो, याचं कारण सगळ्यांना माहीत असायला हवं, निदान जे दुसऱ्यांना सल्ले देतात त्यांना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि तोच धावताना हजारो वेळा भार पेलून आतून सूक्ष्म फाटलेला असतो. दुखणं चार-पाच दिवसांत ओसरतं. भात-पोळी खाऊन स्नायूतली साखरही दोन-तीन दिवसांत भरून येते. म्हणून माणसाला वाटतं, झालो की बरा! पण स्नायूतली डागडुजी अजून चालू असते. स्नायूबंध आणि हाडं तर त्याहून सावकाश सावरतात, आणि ती आधी ओरडत नाहीत. आपल्याच ग्रुपमधला एक जण गेल्या वर्षी मॅरेथॉननंतरच्या पहिल्याच रविवारी ‘रिकव्हरी रन’ म्हणून गायमुखपर्यंत गेला होता. नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे अतिताणाने हाडाला बारीक तडा. पुढचे कित्येक आठवडे तो कुबडी घेऊन उपवनला येऊन आपले फोटो काढत होता आणि आपण त्याला ‘स्पिरिट’ म्हणत होतो. कसलं स्पिरिट! त्या पोराला घरी पाठवायला कोणी नव्हतं. जिन्यावर कोपर धरणारं कोणी भेटलं नाही त्याला.

जॅक फॉस्टर नावाचा न्यूझीलंडचा धावपटू होता. 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या 41 व्या वर्षी 2 तास 11 मिनिटांत मॅरेथॉन धावून त्याने रौप्यपदक घेतलं. त्याचा हिशोब असा, की जितके मैल शर्यत धावलात तितके दिवस पुन्हा जोर लावायचा नाही. मॅरेथॉनचे मैल 26. मॅरेथॉनमधला ऑलिम्पिक विजेता, केनियाच्या किपचोगेसारखा माणूससुद्धा वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धावायचा आणि प्रत्येकीनंतर काही आठवडे विश्रांती घ्यायचा. आणि आपण? पाच-पाच तासांत धावणारे, सोमवारी नऊची लोकल पकडणारे, आपल्याला विश्रांती नको!

हो, अगदी पडूनच राहा असं नाही. चालावं, पोहावं, हे मान्य. काहींचं डोकं धावलं तरच ठिकाणावर राहतं, हेही मान्य. आणि हा ग्रुप नसता तर मी बेचाळीस काय, चार किलोमीटरही धावले नसते, तेही लिहून देते.

पण हजेरीपट ऑफिसात आहे ना एक? तो पुरे आहे.

खरं सांगू, राग आता जरा उतरलाय. गेल्या रविवारी मी किती दिवसांनी घरी पोहे केले. सासूबाई मटार सोलत होत्या, मुलगा उठून स्वयंपाकघरात आला आणि मला तिथे बघून दचकलाच. “आज नाही गेलीस?” म्हणाला आणि ओट्यावर चढून बसला. शाळेतल्या भांडणाची एक लांबलचक गोष्ट त्याने पोहे परतून, झाकण ठेवून, वाफ येईपर्यंत सांगितली. ही गोष्ट डिसेंबरातली होती. मला आत्ता कळली. घरच्यांनीही चार महिने माझ्याबरोबर काढलेत, त्यांच्या गळ्यात कोणी मेडल घातलं नाही.

त्यामुळे दादा, रागावू नका, पण त्या यादीत माझं नाव राहू द्या. कासव पण राहू द्या. मावशीने आठ दिवस सांगितले होते, मी फॉस्टरचे 26 घेणार आहे.

फेब्रुवारीच्या हाफ मॅरेथॉनची लिंक मला टॅग करू नका. आणि पहाटे उठवायला मिस्ड कॉल तर मुळीच देऊ नका. फोन हल्ली नवऱ्याच्या उशाशी असतो, आणि साखरझोपेत तो काय बोलेल याची जबाबदारी माझी नाही.