नवीन फायनल २ (हीच घ्या)

दिवाळी अंकांची आवाहनं जून-जुलैपासून फिरू लागतात. ‘साहित्य ३१ ऑगस्टपर्यंत पाठवावं, युनिकोडमध्ये, वर्डची फाइल, कथा ३००० शब्दांपर्यंत, फाइलला लेखकाचं आणि कथेचं नाव द्यावं.’ तुम्ही कलावंत आहात. असल्या कारकुनी सूचना वाचायच्याच नसतात. त्याऐवजी खालचा सल्ला माना. गेल्याच आठवड्यात एका मान्यवरांनी तो न सांगता तंतोतंत पाळला आहे.

फाइलला ‘कथा’ असं सुटसुटीत नाव द्या. ‘दिवाळी’ हेही चालेल, दिवाळी अंकाच्या फोल्डरमध्ये त्या नावाची दुसरी फाइल कशाला असेल? सगळ्या उतरवून घेतल्या की संगणक आपणहून ‘कथा (१)’, ‘कथा (२)’ करत ‘कथा (१७)’पर्यंत पोचतो. आत पहिल्या पानावर स्वतःचं नाव घालायचा मोह टाळा. नाव ईमेलमध्ये असतंच, आणि ईमेल सुनेच्या पत्त्यावरून पाठवली की तेही नसतं. विषयाची ओळ कोरी सोडा. त्याहून सरस उपाय म्हणजे ‘अंक मिळाला, आभार’ या गेल्या वर्षीच्या पत्रालाच उत्तर म्हणून नवी कथा जोडा. ती जुन्या साखळीच्या तळाशी जाऊन बसते आणि शोधणारा ‘या वर्षी यांचं काही आलं नाही’ म्हणून मोकळा होतो.

टायपिंग जुन्याच फॉन्टमध्ये करून घ्या. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, जो कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडे असेल तो. या फॉन्टांत आत रोमन अक्षरांचेच कोड असतात, त्यांवर देवनागरीचं रूप चढवलेलं असतं, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तुमची कथा नुसती रोमन गिचमीड दिसते. फॉन्टचं नाव कळवू नका, ओळखू द्या. ओळखल्यावर मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर चालवावा लागतो. पहिली वेलांटी या फॉन्टांत अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. शिवाय ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. मग सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ थेट ‘दर्या’ होतात आणि लग्नघरातल्या आचाऱ्यांना मिळायची बिदागी आचार्यांना मिळते. स्पेलचेक यातलं काहीही पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

पीडीएफ पाठवली तर उत्तम, त्यातून मजकूर उचलला की काना-मात्रा वाटेत गळतात.

गूगल डॉक्सची लिंक द्या, परवानगी देऊ नका.

कविता असेल तर प्रत्येक ओळ स्पेसबार दाबदाबून मध्यावर आणा. पानाची रुंदी बदलली की ती कशी विस्कटते ते बघायला तुम्ही तिथे नसता.

व्हॉट्सॲपवरही पाठवता येते. कथेचे सात तुकडे करा, मध्ये एक सुप्रभात जाऊ द्या. हस्तलिखित असेल तर पंख्याखाली फोटो काढा, पानांवर आकडे घालू नका आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून न पाठवता साधाच पाठवा, म्हणजे व्हॉट्सॲप तो दाबून धूसर करून देईल. तुमचं छायाचित्रही तसंच येऊ द्या. पाच सेंटिमीटर रुंद छापायला सुमारे ६०० पिक्सेल लागतात, ही छापखान्याची अडचण आहे, तुमची नव्हे.

शब्दमर्यादा इतरांसाठी असते. ३००० सांगितले असतील तर ५२०० पाठवा. पानाला ४०० शब्द धरले तर साडेपाच पानं जास्त, म्हणजे कुणातरी नवोदिताची अख्खी कथा बाहेर. तिचं नाव कुणाला कळणार आहे?

तीच कथा चार अंकांना पाठवा. चारही संपादकांचे पत्ते एकाच ओळीत दिसू द्या.

आता मुख्य उपाय: दुरुस्त प्रत. ही ३१ ऑगस्टच्या आत कधीही पाठवू नका. आधीची प्रत संपादकाने वाचू द्या, मुद्रितशोधकाने साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम लावून तपासू द्या, पानं लागू द्या, अनुक्रमणिकेत आकडा पडू द्या. मग सप्टेंबरच्या मध्याला ‘नवीन फायनल २ (हीच घ्या)’ या नावाची फाइल सोडा आणि सोबत एकच वाक्य लिहा: ‘किरकोळ बदल आहेत.’ कुठे, ते सांगू नका.

पुढे काय होतं ते ऐका. वर्डमध्ये दोन फायली ‘कंपेअर’ला लावायच्या. पहिली तुम्ही संगणकावर केलेली, दुसरी फोनवर. एकीत ‘ॲ’ हे एकच अक्षर, दुसरीत ‘अ’वर वेगळी चंद्रकोर, एकीत सरळ अवतरणचिन्हं, दुसरीत वळलेली. डोळ्यांना फरक शून्य, पण वर्ड पानंच्या पानं लाल करून ठेवतो. म्हणजे कुणीतरी माणसाने दोन्ही प्रती शेजारी ठेवून ३००० शब्द ओळीओळीने वाचायचे. आणि सापडतं काय? नऊ स्वल्पविराम. ‘सुमन’ची ‘सुनंदा’ झालेली, तीही चारच ठिकाणी, पुढे ती पुन्हा सुमन. आणि एक परिच्छेद गायब, तो मुद्दाम काढलाय की चुकून उडाला, देव जाणे! दुसरी प्रत तुमच्या मूळ मजकुरावरून केलेली असते, म्हणून आधी काढलेल्या सगळ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तिच्यात सुखरूप परत येतात. परिच्छेद काढला की ओळी वर सरकतात, चित्र पुढच्या पानावर जातं आणि त्या पानाची जाहिरात पैसे घेऊन ठरलेली असते. सोळा पानं एकत्र छापतात तो फर्मा छपाईच्या प्लेटला गेला असेल तर एकरंगी छपाईलासुद्धा दोन प्लेटा फुकट. मुद्रितशोधकाला बहुतेक ठिकाणी पानामागे पैसे मिळतात. तीच पानं दुसऱ्यांदा वाचायचे त्याला कोण देतो? तुम्ही देता?

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा लेखकाला नवी प्रत द्यायची म्हणजे ती पुन्हा हाताने उतरून काढावी लागे. बदलायची हौस असलीच तर आधी त्याची बोटं दुखत. आता तुम्ही एक बटण दाबता आणि बोटं दुखतात ती पुण्या-मुंबईत कुठल्याशा पोटमाळ्यावर पानं लावणाऱ्या मुलाची. त्याचं नाव तुम्हाला माहीत नसतं. अंक आल्यावर मात्र ‘माझ्या कथेत दोन मुद्रणदोष राहिलेत’ असं फेसबुकवर लिहायला तुम्ही पहिले. हा काय उर्मटपणा आहे? आयुष्यभर लोकांच्या दुःखावर लिहिता, आणि आपल्या फाइलला नाव द्यायचे कष्ट घेत नाही?

बदल हवाच असेल तर अख्खी प्रत पाठवायची नाही. एक ओळ लिहायची: ‘पान ४, तिसरा परिच्छेद, “सुमन”ऐवजी “सुनंदा”, कथेत सर्वत्र.’ असे पाच बदल असतील तर पाच ओळी. सहावा सुचला तर तो पुस्तक निघेल तेव्हा करा. फाइलचं नाव आडनाव, शीर्षक, तारीख या क्रमाने द्या, आत पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि फोन घाला. दुसऱ्या अंकाने कथा घेतली तर बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. मुदत संपली असेल तर गप्प बसा. आणि ‘माझी कथा पोचली का’ हे विचारायला रात्री अकराला फोन करू नका.