चादरीवरचा क्यूआर कोड आणि ब्लॉकचेन

एका लेखात म्हटलंय की ब्लॉकचेन (अनेकांनी मिळून ठेवलेली संगणकावरची सामायिक नोंदवही) आली आणि चादरीवर तिची नोंद दाखवणारा क्यूआर कोड लागला की बनावट सोलापुरी चादर बाजारातून हद्दपार होईल. आमचं घर यंत्रमागावरच चालतं, म्हणून स्पष्ट लिहितो, एवढं सोपं नाही हे.

चादरीला जीआय मानांकन, म्हणजे ती सोलापूरचीच असल्याची अधिकृत ओळख, आहेच. तरी नक्कल विकली जाते, कारण लेबल शिवायला एक शिलाई मशीन पुरते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या टेबलावर बघा: घडी घातली, कोपऱ्याला लेबल मारलं, पिशवीत सरकवलं. तिथे क्यूआर कोड आला तरी तो लावणारा हात माणसाचाच. एकदा झालेली नोंद गुपचूप बदलता येत नाही, हे ब्लॉकचेनचं बळ खरं. पण नोंदच खोटी असेल तर ती खोटीच कायम राहते! त्यामुळे मागावर जाऊन तपासणी करणारी माणसं आधी हवीत.

दुसरं म्हणजे सगळ्यांनी एकत्र येणं. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीसाठी ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेनवरचं व्यासपीठ काढलं. तंत्रज्ञान चाललं, पण संपूर्ण उद्योगाची साथ मिळाली नाही आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. मग आपल्याकडचे सूतवाले, रंगवाले, कारखानदार, व्यापारी एका वहीत लिहितील का?

पदवी प्रमाणपत्रांसाठी मात्र हे आजच वापरावं. तिथे विद्यापीठ स्वतःच देणारं असतं, पडताळणी मिनिटांत होते, आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या पोरांचे हेलपाटे वाचतात. सुरुवात तिथूनच करा.