आठ बाय दहाचा बंगला

काल एक माणूस हातात टमरेल घेऊन बांधावरून थेट माझ्याकडे आला आणि विचारतो, "चालू झाला का?"

रावेरकडे केळीच्या शेतात मी आठ बाय दहा फुटाची खोली बांधतोय, पडक्या धाब्याच्या (म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या) घराचं सामान आणून, करवत, हातोडी न् ओळंबा एवढ्यावर. त्या खोलीचा संडास केला तो शेजारच्या अप्पांनी. मी कामाला लागलो की हे केळीतून प्रकट होणार, माझीच बादली पालथी घालून तिच्यावर बसणार.

"काय भो, काय करू राह्यला?"

"घर बांधतोय अप्पा, छोटंसं."

"हां." मग बराच वेळ चौकटीकडे बघून, "भांडं कुठं बसवशील?"

मी आपला स्वयंपाकाच्या विचारात. म्हटलं कोपऱ्यात ओटा घेतो, भांडीकुंडी सगळी तिथंच.

अप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "ओट्यावर?"

मग उठले, लेव्हल बघायच्या पाण्याच्या नळीवर पाय देऊन उभे राहिले (इकडे पाणी वर चढतंय, मी खूण कुठं करू?) आणि म्हणे, "बारा हजार आले का?" शौचालयाचं अनुदान! म्हटलं अप्पा, हे घर आहे हो, मी झोपणार इथं. तर म्हणे, "झोप ना, कोन नाही म्हनतं, पन फॉर्म भरून ठेव."

आता चिडावं तर कागद अप्पांच्याच बाजूने. सरकारी घरकुल कमीत कमी 25 चौरस मीटरचं लागतं, माझी खोली साडेसातसुद्धा भरत नाही, म्हणजे नियमाने बघितलं तर घर नाहीच ते.

आणि सामान तरी सुखासुखी मिळालं का? सागवानी चौकट मालकाने जळणात काढली होती, मी नुसता हात लावला तर लगेच "आजोबांच्या हातची आहे, परवडणार नाही." विटांचा जुना चुना तासून काढा, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करा, एक सरळ होतो तोवर अंगठ्याचं नख निळं, आणि इकडे ज्यांनी धाबं पाडून स्लॅब टाकला तेच मे महिन्यात 45 च्या पुढं पारा गेला की कुलर घेऊन रडतात. वर सागाचे सरे, म्हणजे आडवी लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आतून घर थंड राहायचं, पण ते मागासलेलं म्हणे! पाडताना एकाने विचार केला नाही आणि मी तेच परत उभं करतोय तर मी येडा.

असो. सरे बसले, आज माती चढवत होतो. अप्पा हजर. घमेल्यात बोट घालून माती बघितली, मान हलवली.

"एवढी माती? आत बसून बसून किती टाइम बसशील?"